उबेची खोली

लीड्सहून निघताना ऊन होतं, हे मी आईला नंतर तीनदा सांगून पाहिलं. इंग्लंडातल्या रिपनजवळच्या फाउंटन्स ॲबी या ख्रिस्ती साधूंच्या जुन्या, पडक्या मठात पोचलो तर पाऊस आडवा लागत होता. स्वेटरवर स्वेटर, डोक्याला माझी कानटोपी, अशा अवतारात आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. ऑगस्ट महिना!

समोर भलंथोरलं बोडकं चर्च. "छप्पर कुठं गेलं रे?" १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, मग छपरावरचं शिसंही उतरवून वितळवलं, मी सांगितलं. "म्हणजे भंगारवाले सगळीकडे सारखेच," आई म्हणाली.

यॉर्कच्या मठातली सुखवस्तू राहणी पटेना म्हणून ११३२ मध्ये तेरा साधू बाहेर पडले आणि स्केल नदीच्या या ओसाड दरीत आले. तीन वर्षांनी सिस्टर्शियन या कडक साधेपणाच्या साधुपंथात गेले. अंगावर न रंगवलेल्या लोकरीचा झगा, मध्यरात्र उलटली की उठून प्रार्थना, बोलणं जेमतेम. शेती आणि मेंढ्यांचे कष्ट बरेचसे वेगळ्या सेवकबंधूंकडे. आणि गंमत बघा, साधेपणासाठी आलेली ही मंडळी लोकर विकून गबर झाली! त्यांची लोकर थेट इटलीच्या व्यापाऱ्यांकडे जायची.

मला सगळ्यात आवडली ती उबेची खोली. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची जागा सोडली तर साधूंना शेकायला हक्काची जागा ही एवढीच. भिंतीत चूल कसली, आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघराएवढी पोकळी आहे! नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत तिच्यात जाळ असायचा. बरोबर वरच्या खोलीत मठाची कागदपत्रं ठेवत, खालच्या उबेनं ती कोरडी राहावीत म्हणून. साधूंनी घटकाभर शेकून पुन्हा गारठ्यात जायचं, दस्तऐवजांनी मात्र रात्रंदिवस ऊब खात पडायचं. ज्यानं ही रचना केली तो नक्की हिशेब सांभाळणारा असणार, असा माझा आपला संशय.

हे सगळं मी रंगवून सांगत होतो. आई ऐकत नव्हती. हातमोजा काढून तिनं चुलीच्या थंडगार दगडावर तळवा टेकवला होता.

"एवढ्या चुलीतली राख," ती म्हणाली, "रोज कोण काढत असेल रे?"