मोकळ्या जॅझमधला ठेका

गाणे सुरू झाले की आपला पाय आपल्याला न विचारता हलू लागतो. समोर केरवा असो, वरातीतला बँड असो की रेडिओवरची जाहिरात असो, पाय आधी ठेका पकडतो आणि बाकीचे काय चालले आहे ते कान मग सावकाश ऐकतात. फ्री जॅझ, म्हणजे ठरलेला ठेका आणि चौकट सोडून दिलेला मोकळा जॅझ, या संगीताशी बहुतेकांचे बिनसते ते नेमके इथेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये सनी मरे यांच्यासारख्या ड्रमरनी मात्रा मोजून वाजवणे सोडून दिले, झांजांची अखंड सळसळ आणि मधूनच उसळणारे आघात एवढ्यावर भागवले, आणि पायाला धरायला काही उरले नाही. आमच्या घरी अशी एखादी रेकॉर्ड लावली की थोड्याच वेळात आतून प्रश्न येतो, "यांची वाद्ये लावून झाली की नाही अजून?" प्रश्न खोचक असला तरी अगदी निराधार नाही, आणि त्याचे उत्तर मला आजवर सर्वांत समाधानकारक मिळाले ते रोनाल्ड शॅनन जॅक्सन यांच्या वादनात. ते फ्री जॅझचेच ड्रमर होते, आणि तरीही ठेक्याशी त्यांनी कधी वैर धरले नाही.

जॅक्सन यांचा जन्म १२ जानेवारी १९४० चा, टेक्सस राज्यातल्या फोर्ट वर्थ शहरातला. आई चर्चमध्ये पियानो आणि ऑर्गन वाजवत असे, तर वडिलांचा धंदा ज्यूकबॉक्सचा होता आणि जोडीला त्यांचे रेकॉर्डचे दुकानही होते. म्हणजे रविवारी देवाचे संगीत आणि एरवी नाणे टाकून ऐकायचे संगीत, दोन्ही एकाच घरात नांदत होती. तिथल्या आय. एम. टेरेल या कृष्णवर्णीयांच्या शाळेत जी. ए. बॅक्सटर नावाचे संगीतशिक्षक होते. वर्गात ते संचलनाचा बँड आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवत, पण मधल्या सुट्टीत बँडची खोली मुलांच्या ताब्यात देत आणि मग तिथे मुलांना हवे ते वाजत असे. एखाद्या शाळेच्या मधल्या सुट्टीतून किती निघावे याला काही मर्यादा? ऑर्नेट कोलमन, ड्यूई रेडमन, किंग कर्टिस आणि ज्यूलियस हेम्फिल ही पुढे नावाजलेली सॅक्सोफोनवादक मंडळी सगळी त्याच शाळेतली. पंधराव्या वर्षी जॅक्सन लोकांसमोर वाजवू लागले. त्या काळाविषयी ते पुढे सांगत, की लोक नाचायच्या वेळी नाचत आणि ऐकायची वेळ आली की ऐकत. नाचणे आणि ऐकणे ही दोन वेगळ्या दर्जाची कामे आहेत असे त्या गावात कोणाला वाटत नव्हते, आणि माझ्या मते जॅक्सन यांच्या पुढच्या सगळ्या संगीताची किल्ली तिथेच आहे.

१९६६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि त्याच वर्षी अल्बर्ट आयलर यांच्या बँडमध्ये वाजवू लागले. आयलर यांचा सॅक्सोफोन म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लष्करी बँडची धून आणि किंकाळी यांची एकत्र बांधलेली मोळी. अशा माणसामागे ठेका धरून बसण्यात अर्थ नव्हता. आपण एरवी एकटेच असताना जसे मोकळेपणाने वाजवतो तसे वाजवायची मुभा आपल्याला पहिल्यांदा आयलर यांनी दिली, असे जॅक्सन यांचे म्हणणे होते. त्यानंतरची काही वर्षे मात्र हेरॉइनच्या व्यसनात गेली आणि वादन जवळजवळ थांबले.

त्या गर्तेतून ते वर आले ते निचिरेन या जपानी भिक्षूंच्या बौद्ध पंथाचा मंत्र जपत. १९७४ मध्ये बस्टर विल्यम्स या बासवादकाने त्यांना त्या वाटेवर आणले. मंत्र होता 'नम म्योहो रेंगे क्यो', म्हणजे आपल्याकडे 'सद्धर्मपुंडरीक' या संस्कृत नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राला केलेले वंदन. मुंबईत वरळीला जे जपानी बुद्धमंदिर आहे, ते याच निचिरेन परंपरेतल्या दुसऱ्या एका संघाचे असून तिथे हाच मंत्र ढोलाच्या ठोक्यांवर म्हटला जातो. ठोक्यामागून ठोका, न थांबता. ज्या ड्रमरला मोजण्यातून सुटायचे होते त्याला अशा काटेकोर ठोक्यांच्या मंत्राने सावरावे, हे मला फार सूचक वाटते. पण त्यावर जास्त इमले बांधत नाही, कारण जॅक्सन यांनी तो मंत्र जगण्यासाठी जपला होता, संगीताच्या सिद्धान्तासाठी नव्हे.

पुढच्याच वर्षी ते ऑर्नेट कोलमन यांच्या विजेवरच्या गिटार असलेल्या नव्या बँडमध्ये आले. एकाच शाळेचे दोन विद्यार्थी फोर्ट वर्थपासून इतक्या दूर एकत्र आले, आणि कोलमन यांनी जॅक्सन यांना रचना करायला शिकवले. कोलमन यांची 'हार्मोलोडिक्स' ही कल्पना समजावून सांगताना भल्याभल्यांची दमछाक होते. थोडक्यात सांगायचे तर चाल, स्वरमेळ आणि लय यांत कोणी मालक नाही आणि कोणी गडी नाही. ड्रमरच्या दृष्टीने याचा सरळ अर्थ असा, की साथ करण्याचे बंधन संपले. जॅक्सन बासरीवर चाली बांधू लागले, आणि ही गोष्ट लक्षात ठेवली की त्यांच्या बँडचे संगीत एकदम उलगडते. त्या चाली आखूड, नाचऱ्या आणि चटकन ओठांवर येणाऱ्या आहेत. त्यांच्याखाली जो गदारोळ चालतो तो नंतरचा.

१९७८ मध्ये त्यांनी सहाएक महिने सेसिल टेलर यांच्या पियानोला साथ केली. आयलर, कोलमन आणि टेलर या फ्री जॅझच्या तीनही दिग्गजांबरोबर वाजवून ध्वनिमुद्रण केलेला माणूस म्हणून जॅक्सन यांचे नाव घेतले जाते. त्या काळातली '३ फेसिस' ही रेकॉर्ड मी कोणालाही आवर्जून ऐकवतो, आणि निम्मे लोक निम्म्यात उठून जातात याचे मला वाईट वाटते, कारण खरी गंमत उत्तरार्धात आहे. तासाला थोडी कमी अशी ही एकच सलग रचना असून तीत सहा जण वाजवतात, आणि बराच वेळ मात्रा, सम, आवर्तन यांतले काही सापडत नाही. टेलर यांची बोटे पियानोवर गारांसारखी कोसळत असतात. आणि मग शेवटाकडे जॅक्सन 'शफल' सुरू करतात. शफल म्हणजे ब्लूजचा, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या लोकसंगीताचा, टेक्ससमधला अगदी रोजचा ठेका. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, त्यातला पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला गिळायचा. तिस्र जातीची सवय असलेल्या आपल्या कानाला तो लगेच ओळखू येतो, फक्त मधली जागा रिकामी असल्यामुळे तो किंचित लंगडत, झुलत चालतो. नाचघरातला हा ठेका त्या काळातल्या सर्वांत दुर्घट पियानोवादकाच्या खाली सरकवणे म्हणजे खोडसाळपणा वाटू शकतो. पण टेलर थांबत नाहीत, नाराजही होत नाहीत. तेच त्यांचे कोसळणे आता त्या झुलत्या ठेक्यावर स्वार होते, आणि आधी जे विस्कळीत वाटले होते त्यातही ब्लूज होता हे मागाहून जाणवते. इतका वेळ मुकाट्याने बसलेला पाय इथे हलतो, आणि मला तर त्या जागी दर वेळी हसू येते.

१९७९ मध्ये जॅक्सन यांनी स्वतःचा 'डीकोडिंग सोसायटी' हा बँड काढला. ड्रमरने बँडचा प्रमुख असणे हे ऐकायला चमत्कारिक वाटते खरे, पण पुण्याचे ढोल-ताशा पथक पाहिलेल्या माणसाला ते वाटू नये. तिथे ढोल संख्येने कितीही असोत, पथक हलते ते ताशाच्या इशाऱ्यावर. जॅक्सन मागे बसत आणि तिथूनच सगळ्यांना हाकत. संचलनाच्या बँडचे रोल, शफल आणि खोल आवाजाच्या ड्रमवरची घरघर यांची ते अशी सरमिसळ करत, की एका कानाला मिरवणूक आणि दुसऱ्या कानाला वादळ ऐकू यावे. दोन बास गिटार, दोन-तीन फुंकवाद्ये आणि व्हर्नन रीड नावाचा तरुण, जो गिटार वाजवता वाजवता बँजोही उचलत असे. हाच रीड पुढे 'लिव्हिंग कलर' या रॉक बँडमुळे जगभर गाजला. मी जॅक्सन यांच्यापर्यंत पोचलो तो त्याच्यामुळेच, उलट्या वाटेने. १९८२ ची 'मॅनडान्स' ही या बँडची माझ्या आवडीची रेकॉर्ड. नंतरच्या काही ध्वनिमुद्रणांत ऐंशीच्या दशकातला तो चकचकीत, कोरडा आवाज आहे आणि तो मला सोसत नाही, हेही सांगून टाकतो. १९८४ च्या 'पल्स'मध्ये तर बँडच नाही, नुसते ड्रम आणि त्यांच्या संगतीने म्हटलेल्या कविता आहेत. कवितेत एडगर अॅलन पो यांचा डोमकावळाही येतो. त्यानंतर दोन वर्षांनी 'लास्ट एग्झिट' या चौकडीत त्यांनी इतके कर्कश संगीत केले, की तिथे माझा पाय आणि मी दोघेही हात टेकतो.

शेवटची वर्षे सोपी नव्हती. हाताच्या नसेला झालेल्या इजेमुळे बराच काळ वाजवणे अवघड झाले होते, आणि मुक्कामही न्यूयॉर्क सोडून पुन्हा फोर्ट वर्थलाच हलला होता. तरी जुलै २०१२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, शेजारच्या डॅलस शहरातल्या केसलर थिएटरमध्ये त्यांनी डीकोडिंग सोसायटी पुन्हा उभी केली. व्हायोलिन, ट्रम्पेट आणि गिटार वाजवायला नवी माणसे होती आणि बासवर मेल्विन गिब्स होते, जे तीसेक वर्षांपूर्वी या बँडमध्ये तरुण वयात आले होते. १९ ऑक्टोबर २०१३ रोजी ल्युकेमियाने जॅक्सन गेले. डॅलसच्या त्या कार्यक्रमात जुन्या रचनांच्या जोडीला त्यांनी नव्याने लिहिलेल्या रचनाही होत्या.