तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवी राहिली, मग दुसरं कधी?

बारसं असो, हळदीकुंकू असो, हा प्रश्न ठरलेलाच. काहीजणी बाजूला घेऊन विचारतात, ‘त्या ऑपरेशनमुळे आता दिवस राहत नाहीत का गं?’

राहू शकतात. बाळंतपणानंतर माझी गर्भपिशवी आवळलीच नाही, म्हणून रक्त वाहतच राहिलं. इंजेक्शनांनी रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी पिशवीला बी-लिंच टाका, म्हणजे तिला बाहेरून आवळून धरणारा टाका, घातला आणि ओटीपोटातल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या बांधल्या. त्याने पिशवी सुकत नाही. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रक्त पुरवू लागतात. टाका विरघळतो. १९९७ साली इंग्लंडमधल्या डॉ. बी-लिंच यांनी तो मांडला, आणि त्यानंतर असा टाका पडलेल्या कितीतरी बायकांना पुढे मुलं झाली. माझीही पाळी नियमित आहे. झालं समाधान?

आता तुम्ही कधीच न विचारलेलं सांगते. मी आत भुलीखाली होते, सगळं बघितलं नवऱ्याने. रक्तपेढीतून पिशव्या घेऊन धावत आला, तर समोर कागद: गरज पडल्यास गर्भाशय काढण्याला संमती. सही केली. तेवढ्यात नर्सने लेक त्याच्या हातात दिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे कधीतरी मला म्हणाला, ‘त्या वेळी कुणी म्हणालं असतं, हिला परत दे आणि बायको घे, तर मी दिली असती.’ आज ती त्याच्याशिवाय झोपत नाही. तरी ते वाक्य त्याच्या मनातून जात नाही. हे लिहू का विचारलं, तर लिही म्हणाला.

दुसरं त्याला नको आहे. मला हवंय.

पहिलं वर्षभर मीच सगळ्यांना ‘एकच पुरे’ म्हणत होते. तेव्हा अंगात रक्त नव्हतं, जिना चढताना धाप लागायची. त्या बाईचं आज मी का ऐकू? पण ती चुकीचंही बोलत नव्हती. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. डॉक्टर म्हणतात, आधी हिमोग्लोबिन वाढवा, वार कुठे आहे ते सोनोग्राफीत नीट बघू, आणि बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या दवाखान्यातच. हे सगळं मी करीन. त्याची भीती मात्र मला कमी करता येत नाही, आणि ती खोटी आहे असंही म्हणवत नाही.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तो येणार आहे. फक्त ऐकायला, असं बजावलंय त्याने.