उधारीच्या नदीवर नारळी पौर्णिमा

पहाटे साडेचारला लिफ्टमध्ये मामा हातात नारळ घेऊन उभे होते. सोललेला, शेंडी राखलेला.

"हा कशाला, मामा?"

"परवा पौर्णिमा ना? रिकाम्या हाताने दर्यावर जायचं?"

दर्या नव्हे, तलाव आहे, असं मी त्यांना आठवडाभर सांगत होते. मामा रेवदंड्याचे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली आणि सुट्ट्या खाडीत गळाने मासे गरवण्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे कॅनडात मिसिसागाला आले, तेव्हा फिरायला जायच्या जागांची माझी यादी त्यांनी वाचूनसुद्धा पाहिली नाही. "तलावात मासा असतो ना? मग तो दाखव." म्हणून ऑगस्टमधल्या या शनिवारी पोर्ट क्रेडिटहून सुटणाऱ्या बोटीवर दोन जागा घेतल्या.

बोटीच्या आधी लायसन्स. इथे गळ पाण्यात टाकणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे ते लागतं. कॅनडात राहणाऱ्या पासष्टीपुढच्या लोकांना माफ आहे, पाहुण्यांना नाही. अडुसष्ट वर्षांच्या मामांना हे मुळीच पटलं नाही. "आम्ही म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट फाडायचो, तो कुठल्या देशाचा आहे हे नाही विचारलं कधी." शेवटी एका दिवसाचं लायसन्स काढलं आणि त्याची प्रिंट त्यांनी तिकिटासारखी चौघडी घालून वरच्या खिशात ठेवली.

पोर्ट क्रेडिट म्हणजे क्रेडिट नदी ओंटारियो तलावाला मिळते ते मुख. एकेकाळी फ्रेंच व्यापारी इथल्या मूळच्या मिसिसागा लोकांना माल आधी द्यायचे आणि त्याच्या बदल्यात कातडी पुढच्या हंगामात घ्यायचे, त्यावरून नदीचं नाव पडलं क्रेडिट. मामांना हे सांगितल्यापासून ती आमच्या घरात 'उधारीची नदी' झाली आहे. मुखापाशी अंधारात एक मोठं जहाज उभं दिसतं, ते कुठेही जात नाही. १९०५ साली बांधलेलं हे 'रिजटाउन' १९७४ मध्ये मुद्दाम अर्धवट बुडवून लाटा अडवायला बंधारा म्हणून ठेवलंय.

कॅप्टन साठीचा, कमी बोलणारा. नारळाकडे त्याने एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी काय ते समजावलं. पाण्यात काही टाकायचं नाही, एवढंच तो म्हणाला. मामांनी वाद घातला नाही. बोट बाहेर आल्यावर वाकून नारळ पाण्याला टेकवला, कपाळाला लावला आणि परत पिशवीत ठेवला. मग ओली बोटं चाटून माझ्याकडे वळले. "अळणी आहे गं!"

अळणी, पण अवाढव्य. क्षेत्रफळ जवळजवळ १९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अडीच रायगड जिल्हे सहज मावतील. सर्वात खोल जागी २४४ मीटर. पलीकडे न्यूयॉर्क राज्य, पण किनारा दिसत नाही. मागे टोरंटोचे दिवे आणि पुढे नुसतं काळं पाणी.

या पाण्यात मासा कुठे आहे, हे कॅलेंडर आणि थर्मामीटर मिळून ठरवतात. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याचं उथळ पाणी आधी तापतं, तेव्हा ब्राउन ट्राउट आणि कोहो सॅल्मन काठाशी मिळतात. जून-जुलैत सगळे थंडाव्याच्या मागे आत जातात, रेनबो ट्राउटसाठी तर बरंच आत जावं लागतं. आणि ऑगस्टमध्ये मोठा चिनूक सॅल्मन, ज्याला इथे सगळे 'किंग' म्हणतात, नदीच्या मुखापाशी जमायला लागतो. त्याला साधारण दहा ते तेरा अंशाचं पाणी मानवतं. वर पाणी वीस अंश असेल, तर तो खाली कुठल्या थरात बसलाय ते शोधायचं.

त्या दिवशी कॅप्टन खुशीत होता, कारण दोन दिवस पश्चिमेचा वारा चालला होता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे इथे पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या उजव्या अंगाला सरकतो. म्हणजे पश्चिमेचा वारा लागला की आमच्या काठाचं कोमट पाणी न्यूयॉर्कच्या बाजूला ढकललं जातं आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. आदल्या आठवड्यात लोक पोहत होते तिथे आता पाय ठेववत नाही. मी हे भाषांतर करून सांगेपर्यंत मामांचं समजून झालं होतं. "चहावरची साय फुंकरीने बाजूला सारतो, तसंच ना?"

गळ खोल नेण्याची इथल्या लोकांची रीत बघण्यासारखी आहे. तारेला पाच-साडेपाच किलोचा शिशाचा गोळा. आपली दोरी त्या तारेला एका चिमट्यात अडकवतात, त्याच्या मागे गरी आणि चमचा. चमचा म्हणजे खरंच चमच्यासारखा वाकवलेला पत्रा, रंगवलेला. पहाटेसाठी अंधारात चमकणारे रंग असतात, कॅप्टन प्रत्येक चमचा टॉर्चखाली धरून आधी 'भरून' घ्यायचा. गोळा साठ फुटांवर सोडला, काठी धनुष्यासारखी वाकवून खोबणीत उभी केली आणि बोट माणसाच्या चालीने हळूहळू चालू लागली. पाणी कापताना ती तार बारीक आवाजात गुणगुणत राहते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी ताडकन सरळ होते. म्हणजे आपल्याकडे गळ खाली ओढला जातो, इथे काठी वर उडते. मामांच्या डोळ्यांना हे उलटं पचायला तासभर लागला.

पहिला मासा माझा होता, आणि घालवलाही मीच. काठी उडाली, मी धावले, रीळ किंचाळायला लागलं. दोरी अशी धावत असताना काही करायचं नसतं, फक्त काठी उंच धरायची. हे तीनदा सांगून झालं होतं. तरी मी घाबरून रिळावर अंगठा दाबला. फट्! दोरी तुटली, अंगठ्यावर लाल चर उठला आणि मामा इतक्या थंडपणे बोलले की मला रडू आलं. "गरवताना माशाला जाऊ द्यायचं असतं, पोरी. लहानपणी शिकवलं होतं."

पुढचा त्यांचा. वीस मिनिटं. तो एका दमात शंभर यार्ड दोरी नेत होता आणि मामा नुसते उभे, पाय फाकवून, चालत्या गाडीत तिकीट फाडणाऱ्या माणसासारखे तोल सांभाळत. जाळीत आला तेव्हा पाठ हिरवट काळी, कुशी चांदीच्या, शेपटीवर ठिपके आणि हिरड्या कोळशासारख्या काळ्या. काट्यावर वजन निघालं बावीस पौंड. मामांनी आधी डोळा बघितला, मग कल्ला उचलून बघितला, जसा बाजारात बघतात, जणू हा शिळा निघायची शक्यता होती.

पोटाच्या बाजूला रुपयाएवढी गोल जखम होती, भरत आलेली. ती लॅम्प्रीची. बांगडीसारखं गोल तोंड आणि आत दातांची चक्री, वामेसारखा लांबोडका प्राणी माशाला चिकटून रक्त पितो. आजही तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये ठरावीक औषध सोडून त्याची पिल्लं मारावी लागतात, नाहीतर ट्राउट-सॅल्मन टिकणार नाहीत.

मग मी ती गोष्ट सांगितली, जी सांगायला मला फार आवडते. हा चिनूक इथला नाहीच. तो पॅसिफिक महासागराचा. इथला मूळचा अटलांटिक सॅल्मन, आणि एके काळी तो नद्यांतून अमाप चढायचा. मग गिरण्यांचे बंधारे आले, जंगलं गेली, माशांचा उपसा झाला, आणि १८९८ पर्यंत तो तलावातून संपला. पुढे मोठे लेक ट्राउटही गेले. खाणारं कोणी न उरल्यावर अलवाइफ नावाचा हेरिंगच्या कुळातला छोटा मासा बेसुमार वाढला. त्याला खायला कोणीतरी हवं, आणि हौशी मच्छीमारांनाही काहीतरी हवं, म्हणून मिशिगन राज्याने १९६६ मध्ये आपल्या नद्यांत पॅसिफिकचा कोहो सोडला. दोन वर्षांनी न्यूयॉर्कने ओंटारियो तलावात तेच केलं आणि मागोमाग चिनूक आला. समुद्राचा मासा गोड्या पाण्यात आयुष्य काढतो आणि नदीत चढून अंडीही घालतो. आता त्याचं सगळं घर एका अलवाइफवर चालतं. ह्युरॉन तलावात २००३ च्या सुमारास अलवाइफ कोसळला, तर मागोमाग तिथला चिनूकही आटला.

"म्हणजे मासाही उधारीचा," मामा म्हणाले. मी पुढे सांगणार होते की २००६ पासून मूळचा सॅल्मन परत आणायची धडपड याच क्रेडिट नदीत चाललीय. पण दुसरी काठी उडाली आणि विषय संपला.

तो आठ पौंडांचा कोहो. माझ्या लायसन्सवर ट्राउट-सॅल्मन मिळून दिवसाला दोनच ठेवता येतात, त्यामुळे माझ्या नावावर हा एक झाला. खरं सांगायचं तर मला तेवढ्यावरच थांबायचं होतं, कारण लाटा वाढल्या होत्या आणि आलेपाक संपला होता.

धक्क्यावर कॅप्टनने मासे कापले. मादीच्या पोटातून नारिंगी गाबोळीच्या दोन भरगच्च लडी निघाल्या. मामांचा चेहरा उजळला. आणि कॅप्टनने त्या उचलून डब्यात टाकल्या. नदीवरचे लोक जाळीच्या कापडात ही अंडी बांधून गळाला लावतात.

"आमिषाला? गाबोळी?"

माझी बाजू पडती होती. मोठ्या माशाच्या चरबीत इथले जुने कारखानदारी विषार साठतात. कुठल्या पाण्यातला, किती लांबीचा मासा महिन्यात किती वेळा खावा, याचा तक्ता सरकार काढतं. त्यात मोठ्या चिनूकला हात आखडता घ्यायला सांगितलंय. म्हणून गाबोळी नाही, कातडी नाही, पोटाकडची चरबीही नाही. मामा गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

बोलले ते स्वयंपाकघरात. भारतात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकतात, पण दोघांचं दूरचंही नातं नाही आणि हे एका घासात कळतं. सॅल्मनला स्वतःचंच तेल इतकं सुटतं की नेहमीच्या कालवणात तो चिडतो. मामांनी वाटणात लसूण वाढवला, कोकमं दुप्पट टाकली. नारळ तोच, तलावाला टेकवून परत आणलेला. "देवाला दाखवला, आता आपण खायचा," म्हणत त्यांनी फोडला. पहिल्या घासाला कपाळावर आठी. दुसऱ्याला, "बरा आहे." तिसऱ्यानंतर भात मागून घेतला.

सप्टेंबरच्या शेवटी, त्यांच्या विमानाच्या चार दिवस आधी, मी त्यांना एरिंडेल पार्कात नेलं. क्रेडिट नदी तिथे कशीबशी गुडघाभर असते. त्या पाण्यातून किंग वर चढत होते. चांदी गेलेली, अंग तपकिरी, शेपट्या घासून पांढऱ्या पडलेल्या, निम्मी पाठ पाण्याबाहेर. काही काठाला मरून पडलेले, त्यांचा वास. अंडी घालून झाली की हे परत तलावात जात नाहीत.

"अगं, ही तर वलगण!" मामा ओरडलेच. पहिल्या पावसात खाडीतले मासे ओढ्यातून भातखाचरात चढतात, गाबोळीने फुगलेले, आणि गाव कंदील घेऊन त्यांच्या मागे. तेच ते, फक्त इथे प्रत्येक मासा दहा किलोचा आणि काठावर लोक मुलांना खांद्यावर घेऊन नुसते बघत उभे. मामांचा हात वरच्या खिशाकडे गेला. लायसन्स एका दिवसाचं होतं, केव्हाच संपलेलं.

मग त्यांनी मामींना व्हिडिओ कॉल लावला. रेवदंड्यात रात्र होती. फोन पाण्याकडे धरून म्हणाले, "बघ, गुडघाभर पाण्यात हा एवढाला मासा, आणि कोणी हात लावत नाही."

मामी म्हणाल्या, "मग तुम्ही पण लावू नका. आणि पँट खाली सोडा आधी, दिसतंय मला."