गर्द हिरवं पान म्हणजे उपाशी ऑर्किड

आज दिवसभर घरीच होते, म्हणून बरेच दिवस मनात असलेलं काम उरकलं, घरातल्या सगळ्या ऑर्किडांवर नक्की किती उजेड पडतो ते नीट बघून घेतलं. म्हणजे काय तर सकाळी, मग दुपारी बारा-साडेबाराला आणि परत चारच्या सुमाराला प्रत्येक कुंडीपाशी जाऊन पानांवर हात धरायचा आणि सावली बघायची. ऐकायला येडेपणा वाटेल पण इतकी सोपी आणि फुकट युक्ती दुसरी नाही. पानांच्या साधारण फूटभर वर हात धरायचा. बोटं न् बोटं सुटी दिसतील अशी काळी सावली पडली तर तो उजेड फॅलेनॉप्सिसला, म्हणजे घरोघरी दिसणाऱ्या त्या नेहमीच्या ऑर्किडला, झेपणार नाही. हाताचा आकार कळतोय पण कडा पुसट आहेत, तर झकास. आणि सावली पडलीये की नाही हेच कळेना असं झालं, तर तिथे ऑर्किड जगेल हो, फुलायचं नाव मात्र घेणार नाही.

नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेतला तर हमखास फसायला होतं, कारण डोळे फार सांभाळून घेतात, उजेड कमी झाला की ते आपोआप जुळवून घेतात आणि आपल्याला खोली छान उजळलेलीच वाटते. रात्री दिवे लावलेल्या हॉलमध्ये १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, भर दुपारच्या उन्हात १ लाखाच्या आसपास, आणि दोन्हीकडे आपण पेपर वाचू शकतो! फॅलेनॉप्सिसला दुपारच्या वेळी १० ते १५ हजार लक्स लागतात. मोबाईलवरच्या लक्स मीटरच्या अ‍ॅपने आज बघितलं तर काचेलगत चौदा हजार दाखवलं आणि तिथून दोन हात आत, त्या कोपऱ्यातल्या स्टूलवर, तीन हजारसुद्धा नाही. डोळ्यांना फरक म्हणाल तर किंचित. अर्थात ह्या अ‍ॅपचे आकडे फोनगणिक बदलतात त्यामुळे आकडा म्हणून मी ते फार मनावर घेत नाही, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला बरं पडतं. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, त्यामुळे फोन पानाच्या उंचीला, स्क्रीन उजेडाकडे करून धरायचा.

त्या स्टूलवरच्या कुंडीचं सगळे कौतुक करतात. परवा वहिनीसुद्धा म्हणाली, काय गं हिची पानं, कसली हिरवीगार आहेत! आता तिला काय सांगणार की हेच तर दुखणं आहे. उजेड कमी पडला की जो काही मिळतोय तो पकडायला झाड पानात हरितद्रव्य वाढवतं, म्हणून तो गर्द रंग. पुरेसा उजेड मिळालेल्या फॅलेनॉप्सिसचं पान जरा फिकट, पोपटीकडे झुकणारं असतं, आणि ते बघून लोक विचारतात, खत कमी पडतंय का? दुसरी खूण म्हणजे सगळ्यात नवीन पान. ते आधीच्या पानांपेक्षा लांबट, पातळ आणि लुळं निघालं तर उजेड कमी, आखूड, रुंद आणि टणक निघालं तर बरं चाललंय. पानाच्या कडेला लालसर-जांभळी छटा आली म्हणजे झाडाने स्वतःच सनस्क्रीन लावलंय, तेवढ्यावर थांबायचं, आणखी पुढे सरकवायचं नाही. पण काही जातींची पानं खालून मुळातच जांभळी असतात, तिथे उगाच घाबरू नये. आणि अगदी तळाचं एखादंच पान पिवळं पडलं तर ते वयाने, उजेडाचा त्यात काही दोष नाही.

करपण्याचं गणित जरा वेगळं आहे. पान करपतं ते बरंचसं तापल्यामुळे. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया ही ऑर्किड मंडळी पाणी वाचवायला पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा घेतात, त्यामुळे इतर झाडांसारखं बाष्प सोडून दिवसा गार होणं ह्यांना जमत नाही. म्हणून मी दुपारी पानाला बोट लावून बघते, हवेपेक्षा चांगलंच गरम लागलं तर पातळ पडदा ओढायचा आणि शक्य असेल तर पंख्याचा हलका वारा द्यायचा. करपलेला डाग आधी पांढुरका होतो, मग तपकिरी नाहीतर काळा. तो परत हिरवा होत नाही, पण कोरडा असेल तर पसरतही नाही. ओला आणि पसरणारा डाग म्हणजे कूज, तो वेगळाच ताप.

कॅटलियाला मात्र हे सगळं कमीच, तिला २० ते ३० हजार लक्स हवेत, वांडा नावाच्या ऑर्किडला त्याहून जास्त, त्यामुळे दुकानात सगळ्या ऑर्किडांवर सरसकट "सावलीत ठेवा" अशी चिठ्ठी दिसली की मला राग येतो. कुणाची सावली, किती सावली? रात्रीचं पण तेच, एलईडी लावायचा तर १२ ते १४ तास पुरे, ज्या झाडांना अंधारातच हवा भरून घ्यायची असते त्यांच्यावर चोवीस तास दिवा ठेवून काय मिळणार.

तर आजचं ठरलं ते असं. स्टूलवरची कुंडी पूर्वेच्या खिडकीकडे, पण एकदम काचेला नाही, दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं पुढे, कारण अंधाराची सवय लागलेलं पान अचानक उन्हात गेलं की करपतंच. नव्या पानाचं टोक आत्ता कुठे दिसायला लागलंय, ते पूर्ण वाढायला महिने लागतील आणि एकदा खिडकीशी पोचली की तोवर जागा बदलायची नाही, नाहीतर काय जमलं काय नाही हे कधीच कळणार नाही. फुलांचा दांडा आलेल्या कुंडीला तर हातच लावला नाही, कळ्या उजेडाकडे तोंड करतात आणि मध्येच कुंडी फिरवली की फुलं वाकडीतिकडी कुठेही बघत फुलतात. तिच्यावर खिडकीकडची बाजू कळावी म्हणून मार्करने मोठ्ठा बाण काढून ठेवलाय, पाणी घालताना घरातलं कुणी ना कुणी ती फिरवतंच.