भाड्याचे स्की बूट घेताना
स्की बूटचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो: पाऊल 26.5 सेंटिमीटर, तर बूटही 26.5. सैल बूट घ्यायचा मोह होतो आणि नेमका तोच नडतो. टाच उचलली जाते, मग बकलं आवळत बसायचं आणि पाय बधिर. पायमोजा एकच, पातळ. दोन घातले की घडी पडून नडगी सोलवटते. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकलं लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की जरा मागे सरकतात, हे बरोबर.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. ती वजनानुसार लावतात, म्हणून वजन खरं सांगा (इथे कसली लाज!). कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी सुटते, जास्त सांगितलं तर पडल्यावरही सुटत नाही आणि पाय पिरगळतो. स्नोबोर्डचं बाइंडिंग सहसा सुटतच नाही. तिथे पडताना सांभाळायचं ते मनगट.