एकतिसावा दिवस

एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका), मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

नवऱ्याची नोकरी गेल्यापासूनची एकतिसावी फुली आज कालनिर्णयवर मारली. एच-वन-बीवरच्या, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त 60 दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने त्याच्या व्हिसासाठी अर्ज दाखल करायचा, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. शनिवार-रविवारसुद्धा त्यातच मोजायचे.

संध्याकाळी ओक ट्री रोडवर पोहे आणायला गेले होते. मंडळातल्या काकू भेटल्या. "काय गं, मिस्टर सध्या कुठे?" आपल्याकडे याचं उत्तर म्हणजे कंपनीचं नाव. मी म्हटलं, "घरूनच काम चालू आहे." गाडीत येऊन बसले तेव्हा हात थरथरत होते. काकूंनी मायेनेच विचारलं होतं. तरी खरं बोलवेना.

नवऱ्याच्याच टीममधल्या एका नेपाळी सहकाऱ्याची नोकरीही त्याच दिवशी गेली, सेम पत्र. तो आमच्यानंतर पाच वर्षांनी इथे आला, पण त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण 7 टक्केच येतात, आणि देश धरायचा तो जन्माचा. नेपाळची रांग छोटी, आपली न संपणारी. आमचा अर्ज 2016 चा. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडायचं, तारीख बघायची, बंद करायचं. तो परवा फोनवर म्हणाला, महिनाभर विश्रांती घेतो, मुलांना कुठेतरी फिरवून आणतो. मला त्याचा हेवा वाटला नाही, राग आला. त्याच्यावर नाही. एकाच पत्राने एका घरात सुट्टी लागते आणि दुसऱ्या घरात भांडी विकायला काढायची की कसं, यावर बोलणं सुरू होतं, याचा राग.

माझी पाळणाघरातली नोकरीही नवऱ्याच्याच नोकरीला बांधलेली. एच-फोरवरच्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या आम्हा बायकांना कामाचा परवाना मिळायला लागला 2015 च्या मेपासून, तोही नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. त्याआधीची वर्षं मी एम.एस्सी. होऊन घरात काढली. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, विजेच्या बिलावर नाव नाही. परवाना हातात आला त्या दिवशी मी एकटीच रडले होते. आता नवऱ्याचं व्हिसा स्टेटस गेलं की माझा परवानाही जाणार.

भाडेकराराचं नूतनीकरण टेबलावर पडून आहे, शुक्रवारपर्यंत सही हवी. बारा महिन्यांची सही कशाच्या भरवशावर करायची?

आणि आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय, गुरुवारी साताऱ्याला ऑपरेशन. नवरा अमेरिकेबाहेर गेला तर साठातले उरलेले दिवस तिथेच संपतात. मी एकटी गेले तर परत येताना विमानतळावर नवऱ्याच्या नोकरीचा कागद मागतील, तो कुठून आणू? लेक इथे जन्मलेली, अमेरिकन नागरिक. तिला कोणीच अडवणार नाही, पण ती नऊ वर्षांची आहे.

मघाशी आईचा फोन आला. औषधाने आवाज जड झाला होता. "रजा नाही का गं मिळत त्याला?"

"कामात आहे गं आई तो, फार."

लेक शेजारीच गृहपाठ करत बसली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.