आहुपे घाट आणि देवराई : ‘सावलीची सोपी वाट’ म्हणून कुणी नेत असेल तर आधी हे वाचा

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या आहुप्याची भैरवनाथाची देवराई पाहायलाच हवी. तिथे नेण्यासाठी सहलींचे आयोजक सध्या जे सांगतात ते मात्र साफ चूक आहे. ‘वनस्नान’, ‘मन शांत करणारी रानवाट’, ‘सावलीतून हळूहळू चढण’, ‘कुटुंबासह या’. यातली सावली पायथ्याच्या रानात आहे आणि वर देवराईत आहे. मधला घाट उघडा आहे.

मुरबाडच्या बाजूचं खोपिवली हे पायथ्याचं गाव. तिथून शेतं आणि ओढ्याकाठचं रान संपलं की खरी चढण लागते. जुनी व्यापारी वाट असल्याने मळलेली आहे, चुकायची भीती फारशी नाही. त्रास आहे तो वरच्या टप्प्यातल्या घसाऱ्याचा. बांधीव दगड जागोजागी निखळलेत, त्यांच्या जागी सुटा मुरूम आणि मुठीएवढे गोटे उरलेत. चढताना पाऊल मागे सरकतं, उतरताना तर गुडघ्यांची परीक्षाच. गुळगुळीत तळव्याचे धावायचे बूट इथे निरुपयोगी आहेत. खोल खाचांचा तळवा आणि एक काठी हवीच. पुढच्या माणसाच्या थेट मागे चालू नका, त्याच्या पायाखालचा दगड तुमच्याच नडगीवर येतो.

वेळ हाच इथला मुख्य मुद्दा. कड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी अख्खी चढण डोंगराच्या सावलीत असते आणि दुपारनंतर तापून निघते. उजाडताच खोपिवली सोडलीत तर तीन-चार तासांत ऊन चढायच्या आत माथा गाठता येतो. नऊ वाजता नाश्ता उरकून निघणाऱ्या गटाबरोबर अजिबात जाऊ नका. हिवाळ्यानंतर वाटेत पाण्याचा भरवसा नाही. माणशी चार लिटर पाणी आणि मीठ-साखर घ्या. जोराच्या पावसात हा घाट नको. पायथ्याचे ओढे तासाभरात फुगतात, वरचे दगड सुटतात. 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलेलं माळीण याच पट्ट्यातलं गाव.

कल्याण ते मुरबाड एसटी भरपूर. पुढच्या गाड्या मोजक्या, आणि तिथेच लुबाडणूक होते: ‘पुढे काही मिळणार नाही’ म्हणून अख्खी जीप गळ्यात मारतात. स्टँडच्या चौकशी खिडकीवर खोपिवली आणि जवळचं देहरी या दोन्ही गावांच्या गाड्या विचारा. जीप घ्यावीच लागली तर भाडं माणशी की गाडीचं, जायचं की येण्याचंही, हे बसण्याआधी ठरवा. ज्यांना घाट झेपणार नाही त्यांनी मंचर, घोडेगाव, डिंभेमार्गे गाडीरस्त्याने यावं. त्यात कमीपणा काहीच नाही, देवराई तीच आहे.

माथ्यावरचं पठार सुंदर आहे, गोरखगड-मच्छिंद्रगड समोर दिसतात. एवढं पुरे.

देवराईत गावातल्या माणसाला विचारून, शक्यतो बरोबर घेऊनच शिरा. 1970च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. पण हे रान टिकलं ते गावाने नियम पाळले म्हणून. पडलेली काटकीही न्यायची नाही. गारंबीच्या अजस्र वेलीवर झोके घेऊन फोटो काढू नका, साल सोलली जाते. तिच्या हात-दीड हात लांब शेंगाही उचलू नका. स्पीकर, धूप, ध्यानाचा तास असलं काही लागत नाही. पाऊण तास गप्प बसा, शेकरूचा आवाज ऐकू येतो, आणि शरीर आपोआप सैलावतं. याच्यासाठी घसारा दहादा चढावा.

श्रमदानाला येणाऱ्यांनी देवराईच्या आत रोपं लावू नयेत. गरज कडेला आहे, जिथे गुरं आणि वणवा आत शिरतात. पावसाळ्यानंतर, गवत पूर्ण वाळण्याआधी, कडेने दोन-तीन मीटर रुंद जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढणं हे सर्वांत उपयोगी काम. लागवड करायचीच तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे मे महिन्यात, रोपं पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, आणि काटेरी कुंपण त्याच दिवशी. कुंपण उद्यावर टाकलं की शेळ्या रोप संपवतात. जांभळाचं बी फळातून काढल्यावर आठ-दहा दिवसांत पेरा, वाळलं की रुजत नाही. हिरड्याची कवटी टणक, फोडल्याशिवाय उगवण फार कमी. गिरिपुष्प आणि सुबाभूळ आणू नका. देवळाला सिमेंटच्या सभामंडपासाठी देणगी तर मुळीच नको; त्या बांधकामात कडेची झाडं जातात.

मार्च ते मे बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं गोळा करून वाळवायचा हंगाम. घरं त्यात गुंतलेली असतात, अंगणात हिरडा वाळत असतो, त्यावरून चालू नका आणि त्या दिवसांत मोठा गट आणू नका. जेवण गावात घरी मिळतं, आदल्या दिवशी कळवलं तर. पैसे आयोजकाकडे न देता थेट त्या घरच्या बाईंच्या हातात द्या. आयोजक माणशी जेवणाचे म्हणून घेतात त्यातलं चुलीपर्यंत किती पोचतं, हे तिथेच विचारून घ्या.

त्याच दिवशी उतरणार असाल तर दुपारी दोननंतर आहुपे सोडू नका. तेव्हा घसारा तापलेला असतो, पाय थकलेले असतात आणि खालची शेवटची एसटीही हुकते. मुक्काम करा, पहाटे उतरा.